कोर्टाला नको असलेला भूगोल

मोझेल टीग बोलायला लागली की टोपलीतले मेलेले मासेसुद्धा कंटाळतात, असं तिचा नवरा लोनी चारचौघांत म्हणायचा. त्यात फार खोटं नव्हतं. मिसिसिपी नदीच्या टेनेसी राज्यातल्या काठावर त्यांची माशांची शेड होती. तिथे सकाळपासून मोझेल कॅटफिश सोलायची. हात चालायचे आणि त्यांच्या दुप्पट वेगाने तोंड. गिऱ्हाईक दोन मासे घ्यायला यायचं आणि कुणाच्या मावशीचं दुसरं लग्न का मोडलं ते सगळं ऐकून जायचं. अठ्ठावन्न वर्षांची झाली तरी हे असंच चाललं होतं आणि कुणाची तक्रार नव्हती.

पण त्या ऑगस्टमध्ये तिचा धाकटा भाऊ थर्मन चौदा महिन्यांसाठी तुरुंगात गेला आणि सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, की मोझेलच्या तोंडाने त्याला आत घातलं. चर्चमधल्या बायका दबक्या आवाजात म्हणाल्या. लोनी दबक्या आवाजात कशाला म्हणेल? कोर्टाच्या पायऱ्यांवरच म्हणाला, "दोन मिनिटं दिली होती तुला, मोझेल. दोन! माझा भाऊ चांगला आहे, एवढं बोलून खाली बसायचं होतं. तू तर पणजोबांपासून सुरुवात केलीस!"

मोझेलने त्या दिवशी उलट उत्तर दिलं नाही, आणि लोनी तिथेच घाबरला.

आता घडलं काय, ते ऐका. थर्मनने ऐन तरुणपणी, म्हणजे चांगली पस्तिशी उलटली होती, तरुणपणी कसलं डोंबलाचं, एका दोस्ताच्या नादाने चोरीच्या बंदुकांची पेटी बोटीतून पोचवली होती. पकडला गेला, सहा वर्षं भोगली. पाचव्या वर्षी त्यांची आई, आयडा मे बोगन, गेली. थर्मनला मातीला येता आलं नाही. सुटला तेव्हाही मोकळा सुटला नव्हता. पुढची तीन वर्षं देखरेखीखाली होती. घोट्याला माग काढणारं यंत्र, दर आठवड्याला डेंट नावाच्या अधिकाऱ्यापुढे हजेरी, आणि पानभर अटी. पहिल्याच दिवशी डेंटसाहेब शेडच्या दारात उभे राहिले आणि बोट दाखवून म्हणाले, "ती नदी दिसते ना? ती ओलांडायची नाही." थर्मन म्हणाला, "होय साहेब." कागदावर काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही. माणूस तोंडाने सांगतोय म्हटल्यावर वाचतंय कोण?

आईची कबर होती पलीकडे, हॅटीच्या बेटावर. बोगनांची सगळी पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं तिथे निजली आहेत. दर वसंतात नदी चढते, बेटावर गाळ टाकते, कबरींवरचे दगड पाडते. जुलैत पाणी उतरलं की एका शनिवारी सगळं गणगोत बोटीने जातं, गाळ उपसतं, दगड उभे करतं आणि तिथेच चादरी अंथरून जेवतं. मोझेलला आठवतं तेव्हापासून हा शनिवार चुकलेला नाही. आईच्या कबरीवर मात्र अजून नुसती लाकडी पट्टी होती. थर्मनने तिच्यासाठी शेडमागे सिमेंटचा दगड स्वतः ओतला. वरती तिचं नाव कोरलं आणि भोवती नदीतल्या शिंपल्या ओल्या सिमेंटमध्ये दाबून बसवल्या. महिनाभर तो त्या दगडाभोवतीच होता.

"परवानगी माग त्या डेंटकडे," मोझेल म्हणाली होती.

"नाही म्हणाला तर?" थर्मन म्हणाला. "नाही म्हटल्यावर गेलो तर उर्मटपणा, ताई. न विचारता गेलो तर नुसता मूर्खपणा. आईला सहा वर्षांत एकदा तरी भेटू दे मला. पुढे काय व्हायचं ते होवो."

गेला. दिवसभर गाळ उपसला, आईच्या दगडासाठी खड्डा खणून ठेवला. बोट माणसांनी भरली होती, म्हणून दगड दुसऱ्या दिवशी न्यायचं ठरलं. तो दुसरा दिवस उजाडला तेव्हा घोट्यावरच्या यंत्राने चहाडी केलेली होती आणि डेंटसाहेब बेड्या घेऊन दारात. दगड शेडच्या भिंतीला टेकून राहिला. मोझेलने त्याचं तोंड भिंतीकडे वळवलं. आईचं नाव रोज बघवेना तिला.

सुनावणी अर्ध्या तासात उरकली. जज व्हिटलो यांनी विचारलं, "नदी ओलांडली?"

"होय साहेब."

"ओलांडायची नाही हे सांगितलं होतं?"

"होय साहेब."

सरकारने दिलेला वकील शहरातला, दिवसातली सातवी केस. त्याने मान खाली घालून कागद सारखे केले आणि म्हणाला, बहिणीला दोन शब्द बोलायचे आहेत. मोझेल उभी राहिली. घाबरली की तिची जीभ सुटते, हा तिचा जन्माचा रोग. ती बोलली त्यातलं थोडंच इथे.

"साहेब, तो काही मौजमजा करायला नव्हता गेला हो. बेट आमचंच आहे. माझ्या पणजोबाच्या वेळी नदीने एका रात्रीत वाट बदलली, साहेब. झोपले तेव्हा नदी बेटाच्या पलीकडे होती, उठले तर अलीकडे. जुनं पात्र अजून आहे तिकडे मागे, बेडूक ओरडतात त्यात. आई गेली तेव्हा पुरायचा परवाना आमच्याच काउंटीच्या कचेरीने दिला, आमच्याच शेरीफच्या बोटीतून पेटी नेली. पलीकडच्या अर्कान्सा राज्याची माणसं कशाला हात लावतील? बेटावर काकांच्या झोपडीला आग लागली तेव्हा त्यांचा बंब आला, जुन्या पात्रापाशी थांबला, आणि बंबवाला म्हणतो, पलीकडे तुमचं टेनेसी, आम्हाला हुकूम नाही! काका बादल्या मारतायत आणि हा उभा राहून बघतोय. काकांनी त्याला काय सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही, पण—"

"मिसेस टीग," जजसाहेब म्हणाले, "मुद्द्यावर या."

"मुद्द्यावरच येतेय, साहेब. तर त्या काकांची बायको—"

"मिसेस टीग! आपल्याला इथे भूगोल नकोय. पुरे."

कोर्टात खसखस पिकली. मोझेल खाली बसली. आणि शिक्षा सुनावताना जजसाहेब वर आणखी म्हणाले, की या कुटुंबाला नियमांचं गांभीर्य दिसत नाही. चौदा महिने. थर्मनने जाता जाता मागे वळून बघितलं आणि तिच्याकडे बघून हसला, म्हणजे काळजी करू नको अशा अर्थाने. ते हसू तिच्या काळजात घुसलं.

त्यानंतर मोझेलने तोंडाला कुलूप घातलं. गिऱ्हाईक यायचं, ती मासा तोलायची, कागदात गुंडाळायची, द्यायची. एवढंच. चर्चमध्ये गाण्यापुरते ओठ हलवायची. पहिला आठवडा लोनीला बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात तो रेडिओ घेऊन आला. सहाव्या आठवड्यात त्याने हात टेकले.

"अगं, शिव्या तरी घाल मला."

मोझेल सुरीला धार लावत राहिली.

"मी रागात बोललो. राग आला की मी गाढव असतो, तुला ठाऊक आहे. तेहेतीस वर्षांत कळलं नाही का?"

"खरं तेच बोललास," ती म्हणाली. सहा आठवड्यांत तिने त्याच्याशी बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य.

आणि मग ऑक्टोबरात फोन आला. रेजिना पील नावाच्या वकीलबाईंचा. अपिलासाठी कोर्टाने त्यांना नेमलं होतं. आवाज घोगरा, बोलणं फटाफट.

"मिसेस टीग, सुनावणीत जे जे बोललं गेलं त्याची टाइप केलेली प्रत वाचली मी. एकूण चौतीस पानं. त्यातली नऊ एकट्या तुमची."

मोझेलने सुरी खाली ठेवली. "माफ करा हो, बाई. मला कळलंच नाही कधी थांबायचं ते."

"माफ कसलं करायचंय? थांबलात याचंच वाईट वाटतंय मला. काकांच्या बायकोचं काय झालं?"

मोझेलला वाटलं बाई चेष्टा करतायत. बाई चेष्टा करत नव्हत्या. दोन दिवसांनी त्या स्वतः शेडवर आल्या, उंच टाचांचे बूट चिखलात रुतवत, आणि माशांच्या टेबलावरच कागद पसरले.

"हे बघा. अट काय लिहिली आहे? परवानगीशिवाय या कोर्टाच्या हद्दीबाहेर जाऊ नये. नदीचं नावसुद्धा नाही. आणि कोर्टाची हद्द म्हणजे तुमच्या राज्याची हद्द. आता कायदा ऐका. नदी हळूहळू सरकली तर हद्द तिच्याबरोबर सरकते. पण नदीने एका झटक्यात उडी मारली, तर हद्द जुन्या पात्रातच राहते. जिथे ते बेडूक ओरडतात ना, तिथे."

लोनी सुरी हातात धरून तसाच उभा राहिला. "म्हणजे थर्मन राज्याबाहेर गेलाच नाही?"

"एक पाऊलसुद्धा नाही."

"अहो पण हे तर इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे!" मोझेल ओरडली. सहा आठवड्यांचं साचलेलं तिच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. "बेट आपलं आहे हे काय सांगायची गोष्ट आहे?"

"तेच तर," पीलबाई म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की कुणी सांगितलंच नाही. वकिलाला ठाऊक नव्हतं, डेंटला नव्हतं, जजला नव्हतं. आणि अपिलात नवी साक्ष चालत नाही, नवा कागद चालत नाही. खाली जे बोललं गेलं आणि टाइप झालं, त्यावरच वरचे तीन जज बघणार. तुम्ही दोन मिनिटांत गोड बोलून खाली बसला असतात, तर माझ्या हातात आज काहीही नसतं. परवाना, शेरीफची बोट, बंब, जुनं पात्र, सगळं तुमच्या नऊ पानांत आहे."

मोझेल माशांच्या रिकाम्या खोक्यावर मटकन बसली. लोनी हळूच म्हणाला, "मी म्हटलं होतंच ना, मी गाढव आहे."

पण एक मोठी अडचण होती, आणि ती पीलबाईंनी लपवली नाही. अपिलं रांगेत पडली की दीड दीड वर्ष जातं. थर्मनची शिक्षा चौदा महिन्यांची. तो भोगून बाहेर आला, की वरचं कोर्ट म्हणणार, आता निकाल देऊन करायचं काय? मग फाइल बंद आणि ठपका कायम. बाईंनी लवकर सुनावणीसाठी अर्ज टाकला, तो परत आला, पुन्हा टाकला. नोव्हेंबर गेला. नाताळ गेला. मोझेल तुरुंगात थर्मनला भेटायला गेली तेव्हा तिला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

"काय रे, बेट आपल्या राज्यात आहे हे तुलाही माहीत होतं ना? मग कोर्टात बोलला का नाहीस?"

थर्मन बारीक झाला होता. टेबलावर बोटांनी रेघ ओढत म्हणाला, "डेंटसाहेब नदी म्हणाले होते, ताई. नदी मी ओलांडली. मग हो नको म्हणू?"

"इतका कसा रे तू सरळ!"

"एकदाच वाकडा वागलो, तर सहा वर्षं गेली," तो म्हणाला आणि दोघंही हसली. मग मोझेल गाडीत बसून रडली.

फेब्रुवारीत अर्ज मंजूर झाला, मार्चअखेर सुनावणी लागली. लोनीने जुना ट्रक हाकत दोन दिवसांचा प्रवास केला. उंच छताची खोली, तीन जज. मधल्या जजबाई म्हाताऱ्या, चष्मा नाकाच्या टोकावर. सरकारचा वकील तरणाबांड, कोट असा कडक की बसताना मोडेल.

"आरोपीने स्वतः कबुली दिली आहे," तो म्हणाला.

"कसली कबुली?" जजबाईंनी विचारलं.

"नदी ओलांडल्याची."

"अटीत नदी कुठे लिहिली आहे, दाखवा."

वकिलाने पानं उलटली. पुन्हा उलटली. "नदी ही हद्द आहे असा सर्वसाधारण समज आहे, माननीय न्यायमूर्ती."

"समज राहू दे. पुरावा काय आहे? मला या सगळ्या कागदांत एकच पुरावा सापडला. पान एकोणीस." जजबाईंनी चष्मा वर सरकवला आणि मोझेलचे शब्द मोठ्याने वाचले, काकांची आग, जुन्या पात्रापाशी उभा राहिलेला बंब, सगळं. बंबवाल्याचं बोलणं आलं तेव्हा तिन्ही जज हसले. या वेळचं हसणं वेगळं होतं आणि मोझेलला ते लगेच कळलं. लोनीने तिला कोपराने असं ढोसलं की तिची बरगडी दुखली.

"याच्या विरोधात सरकारकडे काही आहे?"

"नाही, माननीय न्यायमूर्ती."

"मग त्या बाईंना खाली पूर्ण बोलू दिलं असतं, तर आज आपला सगळ्यांचा वेळ वाचला असता," जजबाई म्हणाल्या आणि पुढची फाइल ओढली.

निकाल एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आला. पीलबाईंनी फोनवर नुसतं "जिंकलो!" म्हटलं आणि मोझेलच्या हातातला ओला मासा सटकून लोनीच्या बुटावर पडला. शिक्षा रद्द, ताबडतोब सुटका. निकालाची प्रत आली तेव्हा लोनीने शेडमधल्या सगळ्या गिऱ्हाइकांना थांबवलं. "कुणी हलायचं नाही," म्हणाला, आणि चष्मा लावून वाचलं: "खालच्या कोर्टाने साक्षीदाराला थांबवताना म्हटलं की इथे भूगोल नको. या प्रकरणात भूगोलाखेरीज दुसरं काहीच नव्हतं." मग त्याने ते पुन्हा वाचलं. रविवारी चर्चमध्ये वाचलं. पेट्रोल पंपावर वाचलं. ज्या बायका दबक्या आवाजात बोलल्या होत्या, त्यांना त्याने समोर बसवून दोनदा ऐकवलं.

"पुरे की आता," मोझेल म्हणाली.

"तू मला पुरे म्हणतेस? तू?" लोनी म्हणाला आणि पोट धरधरून हसला.

थर्मन घरी आला तेव्हा नदी चढलेली होती, बेट पाण्याखाली. वाट बघण्याशिवाय इलाज नव्हता. रोज सकाळी तो काठावर जाऊन पाणी किती उतरलं ते बघायचा. दगडाचं तोंड त्याने पुन्हा बाहेर वळवलं, शिंपल्या घासून पुसून लख्ख केल्या. देखरेख अजून संपली नव्हती, म्हणून एक दिवस डेंटसाहेब आले. दारातच घुटमळले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"ती हद्द," ते खाकरत म्हणाले. "नेमकी कुठून जाते, ते कुणी दाखवेल का मला? पुन्हा अशी चूक व्हायला नको."

थर्मनने मोझेलकडे बघितलं. लोनीने मोझेलकडे बघितलं.

"वेळ आहे ना, साहेब?" मोझेल म्हणाली. "शनिवारी या. डबा आणू नका, आमच्याकडे भरपूर असतं."

आले की हो ते. जुलैच्या त्या शनिवारी चार बोटी निघाल्या आणि पहिलीत थर्मन, लोनी, डेंटसाहेब आणि मधोमध आईचा दगड. मोझेलने साहेबांना बेटाच्या मागच्या अंगाला नेलं, जुनं पात्र दाखवलं. वाळलेला खोलगट पट्टा, मधे हिरवं डबकं, आणि बेडूक इतके की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येईना. "पाय टाकू नका पलीकडे," ती म्हणाली. "तुमच्याकडे परवानगी आहे का?" डेंटसाहेब आधी दचकले आणि मग मोठ्याने हसले.

दगड बसवला तो थर्मनने, एकट्याने. कुणाला हात लावू दिला नाही. गेल्या वर्षीचा खड्डा गाळाने भरला होता, तो त्याने पुन्हा खणला. दगड उभा केला, भोवती माती दाबली, गुडघ्यांवर बसला आणि कपाळ त्या शिंपल्यांना टेकवलं. रडला, भरपूर रडला. सात वर्षांचं होतं ते. सगळे दूर उभे राहिले.

मग तो उठला, डोळे पुसले, आणि म्हणाला, "ताई, आईला सांग सगळं. मला नीट सांगता यायचं नाही."

मोझेल कबरीपाशी बसली. एप्रन सारखा केला. चादरींवर तळलेले मासे आणि कॉर्नब्रेड वाढून झालं होतं, सगळ्यांना भुका लागल्या होत्या.

"हे बघ आई," तिने सुरुवात केली, "तुझ्या आजोबांच्या वेळी ही नदी एका रात्रीत उठून इकडे आली ना, तिथून सांगते."

मासे निवले. कॉर्नब्रेड कडक झाला. लोनी ताट मांडीवर घेऊन बसला होता आणि डेंटसाहेब त्याच्या शेजारी, टोपी हातात. ती काकांच्या आगीपर्यंत आली, मग काकांच्या बायकोचं काय झालं तेही सांगितलं, मग जज व्हिटलो, मग तीन जज, मग पान एकोणीस. ऊन कललं तरी ती बोलतच होती, आणि कुणीही तिला पुरे म्हटलं नाही.